उत्तरकृतीचा निकष : भवभूतीची दोन रामनाटके

१

एखाद्या यशस्वी कृतीचा पुढचा भाग प्रसिद्ध झाला की तो पहिल्याच्या तोडीचा उतरला आहे किंवा नाही, हा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो सोडविताना कोणता निकष लावावयाचा, याचा विचार क्वचितच केला जातो. जबलपूर येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून तौलनिक साहित्याचे अध्यापन करीत असता एका दुपारी वर्गाबाहेर काही विद्यार्थ्यांचा वाद माझ्या कानी पडला. वाद एका व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाविषयी होता. एक पक्ष म्हणत होता की यात नवे काहीच नाही, पहिलाच खेळ रंगरूप बदलून पुन्हा विकला आहे. दुसरा पक्ष म्हणत होता की पहिल्यातली गोडी यात राहिलेली नाही, ओळखीचे काही उरलेलेच नाही. गंमत अशी की दोन्ही पक्षांचा निर्णय एकच होता : दुसरा भाग पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही.

एकाच कृतीवर, ती पहिल्यासारखीच आहे आणि ती पहिल्यासारखी नाही, असे दोन आरोप एकाच वेळी व्हावेत, याचा अर्थ आरोप करणारे गोंधळलेले आहेत असा नव्हे. खेळणाऱ्याने पहिल्या भागात कमावलेले कौशल्य दुसऱ्या भागात कामास यावे, परंतु तेवढेच पुरे पडू नये, अशी त्याची अपेक्षा असते. वाचकाची आणि प्रेक्षकाची अपेक्षाही मुळात याहून निराळी नसते. सारखेपणा आणि वेगळेपणा यांचे प्रमाण किती असावे, याचा हिशेब करीत बसल्याने मात्र ती पुरी होत नाही. माझ्या मते येथे प्रमाणाचा प्रश्नच नाही. दुसऱ्या कृतीचे पहिल्या कृतीशी नाते कोणत्या जातीचे आहे, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या भाषेने या नात्यासाठी एक अर्थपूर्ण शब्द राखून ठेवला आहे. ‘उत्तर’ म्हणजे नंतरचे. उत्तरार्ध, उत्तरकांड, उत्तररात्र या शब्दांत तो अर्थ आहे. ‘उत्तर’ म्हणजे जबाबही. ज्याला उत्तर द्यावे लागते तो उत्तरदायी. नंतर आलेली प्रत्येक कृती पहिल्या अर्थाने ‘उत्तर’ असतेच, कारण त्यासाठी पंचांगापलीकडे काही लागत नाही. ती दुसऱ्या अर्थानेही उत्तर आहे काय, म्हणजे पहिल्या कृतीने न विचारलेला किंवा विचारून टाळलेला प्रश्न ती हाती घेते काय, हे पाहणे हाच उत्तरकृतीचा निकष होय, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. त्यासाठी भारतीय वाङ्मयातील बहुधा सर्वांत बोलके उदाहरण मी निवडले आहे : भवभूतीचे ‘महावीरचरित’ आणि त्याचेच ‘उत्तररामचरित’.

२

हे उदाहरण जबलपूरला बसून विचारात घेण्यास एक स्थानिक कारणही आहे. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचे गाव लागते. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. दहाव्या शतकात येथे पहिल्या युवराजदेवाच्या राजसभेत राजशेखर हा कवी होता. त्याच्या ‘विद्धशालभंजिका’ या नाटिकेचा प्रयोग याच राजसभेसाठी झाला. राजशेखर स्वतः महाराष्ट्रातील यायावर कुळातला. आपल्या ‘बालरामायण’ या नाटकाच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःची परंपरा सांगितली आहे ती अशी : पूर्वी जो वाल्मीकी झाला तोच पुढे भर्तृमेंठ झाला, तोच भवभूती झाला आणि आता तोच राजशेखर म्हणून वावरत आहे. म्हणजे भवभूतीचा पुढचा अवतार आपण आहोत, असा दावा करणारा कवी या मातीत वावरला होता.

भवभूतीचे मूळ गावही येथून फार दूर नाही. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत त्याने आपल्या पूर्वजांचे स्थान दक्षिणापथातील पद्मपूर असे सांगितले आहे. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. कलचुरी-चेदी संवताचे कोरीव लेख १९५५ साली संपादून प्रसिद्ध करणारे विद्वानही मिराशीच. जबलपूरहून बालाघाटवरून गोंदियाला जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना असे दोन कवी उभे आहेत : एका टोकाला आठव्या शतकातला भवभूती आणि दुसऱ्या टोकाला त्याचा वारसा सांगणारा राजशेखर. उत्तरकृतीचे दोन निरनिराळे मार्ग या दोघांनी आपल्यापुढे ठेवले आहेत.

राजशेखराचे आणखी एक ऋण येथेच मान्य केले पाहिजे. ‘काव्यमीमांसे’त त्याने काव्यहरणाची, म्हणजे आधीच्या कवीकडून काही घेण्याची, जी सूक्ष्म मीमांसा केली आहे तिच्यासारखी मीमांसा अन्यत्र विरळाच. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन काव्यांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले होते : आरशातील प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखे. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नसतो. चित्राला असला तरी तुच्छ असतो. परंतु दोन माणसे कितीही सारखी दिसली तरी प्रत्येकाचा जीव वेगळा असतो, म्हणून हा तिसरा प्रकार कवीने टाळण्याचे कारण नाही. राजशेखराने या प्रकारांना चौथा जोडला, ‘परपुरप्रवेश’. यात मूळ वस्तू एकच असते, परंतु तिची मांडणी सर्वस्वी पालटते. ही मीमांसा मुख्यतः श्लोकांच्या अर्थाविषयी आहे. तथापि दोन संपूर्ण कृतींचे नाते पारखावयासही ती उपयोगी पडते, हे पुढे दिसून येईल.

३

‘महावीरचरित’ ही भवभूतीची पहिली कृती असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सात अंकांत विश्वामित्राच्या आश्रमापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा त्यात आली आहे. एवढा विस्तार नाटकाच्या चौकटीत बसवावयाचा तर कथेला एखादे सूत्र हवे. ते भवभूतीला राजनीतीत सापडले. रावणाने सीतेला मागणी घातलेली असते आणि ती नाकारली जाते. या अपमानातून रावणाचा अमात्य माल्यवान एकामागून एक डाव टाकीत जातो. परशुराम रामावर चालून येतो तो माल्यवानाने चिथावल्यामुळे. रामाला वनवास घडतो तोही त्याच्याच योजनेने : शूर्पणखा मंथरेच्या शरीरात शिरते आणि कैकेयीच्या नावे दोन वर मागणारे पत्र आणून देते. वाली रामाला अडवावयास येतो तोही माल्यवानाच्या सांगण्यावरून.

या रचनेचा परिणाम काय होतो हे पाहण्यासारखे आहे. मूळ रामकथेत जेथे जेथे घरातल्या माणसाचा दोष दिसतो, तेथे तेथे भवभूतीने तो उचलून शत्रूच्या पदरात घातला आहे. कैकेयी निर्दोष ठरते, मंथराही निर्दोष ठरते, आणि वालीवधाचा जो डाग रामाच्या चरित्रावर परंपरेने राहू दिला होता तो धुऊन निघतो. कारण वाली स्वतःच युद्धास येत असल्यामुळे झाडाआडून बाण मारण्याची आवश्यकता उरत नाही. येथे पाठचिकित्सेची एक अडचण नमूद करणे इष्ट होईल. पाचव्या अंकाच्या ४६व्या श्लोकापर्यंतचा पाठच भवभूतीचा म्हणून सर्वत्र मिळतो. त्यापुढील भाग निरनिराळ्या हस्तलिखितांत निरनिराळा असून तो इतरांनी पुरा केलेला आहे. त्यामुळे वालीच्या प्रसंगाचा शेवट कोणाच्या हातचा, याविषयी सावधपणे बोलले पाहिजे. परंतु वालीला रामावर घालण्याची माल्यवानाची योजना त्याआधीच ठरलेली आहे, आणि प्रसंगाला निराळे वळण मिळते ते तिच्यामुळेच.

‘महावीरचरित’ हे कमी प्रतीचे नाटक आहे असे मला म्हणावयाचे नाही. विखुरलेल्या कथेला एका कारस्थानाच्या धाग्यात ओवणे हे साधे काम नव्हे. परंतु या नाटकाची भूमिका वकिलाची आहे. नायकावर येणारा प्रत्येक आरोप त्याने आधीच ओळखला आहे आणि प्रत्येकासाठी दुसरा आरोपी उभा केला आहे. नाटक संपते तेव्हा राम पूर्ण निष्कलंक असतो. निष्कलंक माणसाविषयी आदर वाटतो. त्याच्याविषयी पुढे काय विचारावे, हे मात्र सुचत नाही.

४

‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक उघडतो तो याच निष्कलंक रामाच्या घरात. अष्टावक्र मुनी वसिष्ठांचा निरोप घेऊन येतात. प्रजेला संतुष्ट राखण्यासाठी स्नेह, दया, सुख, फार काय, प्रत्यक्ष जानकीचाही त्याग करावा लागला तरी आपल्याला व्यथा होणार नाही, असे राम त्यांना सांगतो. वाक्य आदर्श राजाला शोभणारे आहे. ते किती खरे होणार आहे, हे बोलणाऱ्याला त्या क्षणी ठाऊक नसते.

यानंतर येतो तो चित्रदर्शनाचा प्रसंग. रामाचे पूर्वचरित्र भिंतीवर रंगविलेले आहे आणि लक्ष्मण ते राम-सीतेला दाखवीत आहे. वरवर पाहता ही केवळ प्रेक्षकांना मागची कथा आठवून देण्याची युक्ती वाटेल. परंतु उत्तरकृतीच्या दृष्टीने याहून अर्थपूर्ण प्रारंभ दुसरा कोणता असेल, असे मला वाटत नाही. जो विषय घेऊन भवभूतीने पूर्वी सात अंकांचे नाटक योजिले, तो विषय आता भिंतीवरचे चित्र होऊन बसला आहे आणि त्या चित्रातली माणसे ते पाहत आहेत. आनंदवर्धनाच्या परिभाषेतले ‘आलेख्य’ येथे अक्षरशः रंगभूमीवर आले आहे. परंतु कवी त्या आलेख्यात अडकून पडत नाही, तो त्याच्यासमोर उभा राहतो.

पाहणाऱ्यांचे वर्तनही लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. परशुरामाच्या चित्रापाशी लक्ष्मण रामाच्या विजयाची कथा सांगू लागतो, तोच राम त्याला थांबवून पुढचे चित्र दाखवावयास सांगतो. पहिल्या नाटकात ज्या पराक्रमावर दोनअडीच अंक खर्ची पडले, तो आता नायकालाच ऐकवत नाही. मंथरेचे चित्र येते. राम उत्तर न देता घाईने दुसरीकडे बोट दाखवितो. शूर्पणखेच्या चित्रापाशी सीता दचकते. हे चित्र आहे, अशी समजूत रामाला घालावी लागते. आणि ही चित्रमालिका कोठवर रंगविली आहे, या प्रश्नाला लक्ष्मण सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंत असे उत्तर देतो, तेव्हा जी जन्मतःच शुद्ध तिला आणखी शुद्धीची काय गरज, या विचाराने राम व्यथित होतो. पहिल्या नाटकाने जे झाकले होते ते येथे प्रत्येक चित्राआडून डोकावते. थोड्याच वेळात सीता रामाच्या बाहूवर मस्तक ठेवून झोपी जाते. दुर्मुख लोकापवादाची वार्ता आणतो. आणि राम तो बाहू हलकेच काढून घेतो.

या क्षणी माल्यवान कोठे आहे? तो नाही. शूर्पणखा कोणाच्या शरीरात शिरलेली नाही. कोणी पत्र आणलेले नाही. जे घडते ते रामाच्या निर्णयाने घडते आणि त्याचे ओझे दुसऱ्या कोणावर टाकण्याची सोय कवीने ठेवलेली नाही. ‘महावीरचरित’ लिहिणाऱ्याच हाताने ही सोय नाकारावी, यात उत्तरकृतीचे सगळे मर्म साठविले आहे. पहिल्या नाटकाने नायकाला सोडविले. दुसऱ्याने त्याला उत्तरदायी केले.

याहूनही विलक्षण प्रसंग पाचव्या अंकात आहे. अश्वमेधाच्या घोड्यावरून लव आणि लक्ष्मणपुत्र चंद्रकेतू समोरासमोर येतात. चंद्रकेतू रामाची थोरवी सांगू लागतो. तेव्हा लव उपरोधाने म्हणतो की वडीलधाऱ्यांच्या चरित्राची चर्चा न केलेलीच बरी. आणि लगेच तीन गोष्टींचा उल्लेख करतो : ताटकेचा, म्हणजे एका स्त्रीचा वध. खराशी लढताना मागे घेतलेली तीन पावले. आणि वालीला मारताना दाखविलेले कौशल्य. पहिल्या नाटकात ज्या वालीवधाला निर्दोष करण्यासाठी संपूर्ण कथानक फिरविले, तोच वालीवध दुसऱ्या नाटकात डागासकट परत आला आहे, आणि तोही शत्रूच्या तोंडून नव्हे, रामाच्या स्वतःच्या मुलाच्या तोंडून. मुलाला आपण कोणाविषयी बोलत आहोत हे माहीत नाही. प्रेक्षकाला माहीत आहे. भवभूतीला आपल्या पहिल्या नाटकाची आठवण नव्हती, असे मानणे शक्य नाही. त्याने स्वतःच्याच वकिलीवर पुढच्या पिढीकडून उलटतपासणी करविली आहे.

दोन नाटकांना जोडणारा आणखी एक धागा अस्त्रांचा आहे. ‘महावीरचरिता’च्या आरंभी विश्वामित्र रामाला दिव्यास्त्रे देतो. तेथे ती विजयाची साधने आहेत. ‘उत्तररामचरिता’त चित्रदर्शनाच्या वेळी त्याच जृंभकास्त्रांना वंदन करून राम सीतेला सांगतो की ती तुझ्या अपत्यांकडे जातील. पुढे लवाच्या हाती ती दिसतात आणि बापाला मुलाची ओळख पटविणाऱ्या खुणांपैकी एक होतात. वस्तू तीच, परंतु पहिल्या नाटकात तिने शत्रू जिंकावयाचा होता, दुसऱ्यात ती हरवलेल्याची खूण ठरते. राजशेखराच्या ‘परपुरप्रवेशा’चा व्यापक अर्थ लावावयाचा तर याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

५

आता त्रिपुरीकडे वळू. राजशेखराचे ‘बालरामायण’ दहा अंकांचे असून त्यात सातशेहून अधिक श्लोक आहेत. एवढ्या मोठ्या नाटकावर आक्षेप येणार, हे कवीला माहीत होते. म्हणून प्रस्तावनेतच त्याने सांगून टाकले आहे की नाटक फार मोठे असे ज्याला वाटेल त्याने उक्तीचा गुण यात आहे की नाही एवढेच विचारावे. कथाभाग ‘महावीरचरिता’चाच : सीतास्वयंवरापासून राज्याभिषेकापर्यंत. युक्तीही तीच, परंतु वाढविलेली. भवभूतीने शूर्पणखेला मंथरेच्या शरीरात घातले. राजशेखराच्या नाटकात मायावी राक्षस थेट दशरथ आणि कैकेयी यांचीच रूपे घेतात. घरच्या माणसांवरचा दोष आणखी एक पाऊल दूर जातो.

दोन दृश्यांची तुलना येथे पुरेशी होईल. ‘बालरामायणा’च्या तिसऱ्या अंकात रावणाच्या मनोरंजनासाठी सीतास्वयंवराचे नाटक केले जाते, म्हणजे नाटकात नाटक, गर्भांक. ते पाहून रावण संतापतो. पाचव्या अंकात विरहाने व्याकूळ झालेल्या रावणापुढे सीतेची यांत्रिक पुतळी आणली जाते. तिच्या तोंडात बोलका पक्षी बसविलेला असतो आणि काही काळ रावण फसतो. कल्पना चमत्कृतिपूर्ण आहे, आणि प्राचीन भारतातील यंत्रपुतळ्यांच्या इतिहासात तिला अवश्य स्थान आहे. परंतु स्पर्श करताच पुतळी कळून येते आणि प्रसंग तेथेच संपतो. पुतळीमुळे रावण बदलत नाही, प्रेक्षकही बदलत नाही.

‘उत्तररामचरिता’तही प्रतिमा आहे आणि गर्भांकही आहे. अश्वमेधात सहधर्मचारिणीच्या जागी रामाने सीतेची सुवर्णप्रतिमा ठेविली आहे. ही वार्ता तिसऱ्या अंकात, गोदावरीच्या परिसरात अदृश्य रूपाने वावरणारी सीता स्वतः ऐकते. त्यागाचे जे शल्य बारा वर्षे तिच्या मनात होते, ते या एका वार्तेने हलते. सातव्या अंकात वाल्मीकींनी रचलेले नाटक रामापुढे आणि प्रजेपुढे होते. त्यात टाकून दिलेली सीता गंगेत उडी घेते, तिला मुले होतात, आणि पृथ्वी व भागीरथी एकेक बालक घेऊन येतात. पृथ्वी रामाला दोष देते. हे केवळ नाटक आहे, याचा रामाला विसर पडतो आणि लक्ष्मणाला त्याची आठवण करून द्यावी लागते. रावण नाटक पाहतो आणि चिडतो. राम नाटक पाहतो आणि त्यात स्वतःची करणी ओळखतो. साधन एकच आहे. एकाने ते करमणुकीसाठी वापरले, दुसऱ्याने साक्षीसाठी.

यावरून राजशेखराला कमी लेखण्याचे कारण नाही. ‘कर्पूरमंजरी’सारखे प्राकृत सट्टक लिहिणारा आणि ‘काव्यमीमांसा’ रचणारा हा पुरुष असामान्य बुद्धीचा होता. परंतु मोठेपणा म्हणजे अधिक अंक, अधिक श्लोक, अधिक माया, असा एक समज प्रत्येक काळात असतो, आणि पहिल्याच्या यशावर उभ्या राहणाऱ्या बहुसंख्य उत्तरकृती या समजावर चालतात. ज्या खेळाविषयी विद्यार्थी वाद घालीत होते त्यातही, त्यांच्याच सांगण्यानुसार, प्रदेश अधिक होते, शस्त्रे अधिक होती आणि शत्रू अधिक होते. वाढ झाली होती. उत्तर मिळाले नव्हते. भवभूतीचा अवतार म्हणविणाऱ्या कवीने भवभूतीची पहिली कृती वाढविली. भवभूतीने मात्र स्वतःच्या पहिल्या कृतीला उत्तर दिले. त्रिपुरीचे अवशेष पाहताना मला हा भेद पुनःपुन्हा आठवत राहिला.

६

उत्तरकृतीचा हा निकष मान्य केला तर तो ‘उत्तररामचरिता’लाही लावला पाहिजे, नाहीतर आपणही वकिलीच करू. या नाटकाने सर्वच प्रश्नांना उत्तर दिले आहे काय?

दुसऱ्या अंकात शंबूकवधाचा प्रसंग आहे. तप करणाऱ्या शूद्रावर शस्त्र चालविताना राम आपल्या उजव्या हाताला उद्देशून बोलतो : पूर्ण गर्भभाराने वाकलेल्या सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू अवयव, तुला दया कोठून येणार? या उद्गारात रामाचे मन सोललेले दिसते, आणि दोन अन्याय एकाच हाताने झाले आहेत हे त्याने स्वतः ओळखले आहे. परंतु पुढच्याच क्षणी शंबूक दिव्य पुरुष होऊन कृतज्ञतेने रामाला दंडकारण्य दाखवू लागतो. सीतेच्या बाबतीत कवीने दुसरा आरोपी शोधण्याचे नाकारले. शंबूकाच्या बाबतीत मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच तोंडून आभार वदवून घेतले. म्हणजे ‘महावीरचरिता’ची जुनी रीत या एका ठिकाणी शिल्लक राहिली आहे. हा प्रश्न पुढे कोणी विचारावयाचा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनाविषयीच्या आपल्या भाषणात तो नेमकेपणाने विचारला : चातुर्वर्ण्य टिकवावयाचे तर दंडसत्ता लागते, आणि शंबूकाची कथा हेच दाखविते. बाराशे वर्षांनी आलेला हा प्रश्नही, मी मानतो, रामकथेच्या उत्तरपरंपरेतच मोडतो.

दुसरे स्थळ शेवटचे. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात सीता पुन्हा परीक्षा देण्याऐवजी पृथ्वीच्या उदरात जाते. भवभूतीने पुनर्मीलन घडविले. अरुंधती पौरजानपदांना विचारते, त्यांची संमती घेते, आणि मग सीता रामाला परत मिळते. ज्या लोकांच्या बोलण्यावरून त्याग झाला त्यांनाच साक्षीला बसविणे, हा कवीचा न्याय आहे आणि त्यात मोठे धैर्य आहे. तरीही एक गोष्ट ध्यानात येते : संमती सर्वांची विचारली जाते, सीतेची विचारली जात नाही. उत्तरकांडातील सीता निदान आपले उत्तर आपण देते.

या दोन उणिवा दाखविल्याने नाटकाची थोरवी कमी होत नाही. उलट, पहिल्या नाटकाविषयी असे प्रश्न आपल्या मनात आलेच नव्हते. ते विचारण्याची दृष्टी दुसऱ्या नाटकाने दिली. जी उत्तरकृती खरी असते ती वाचकाला प्रश्न विचारण्यास शिकविते, आणि मग वाचक तिलाही सोडीत नाही.

७

मराठीला या नात्याची ओळख जुनी आहे. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५९ साली ‘उत्तररामचरिता’चे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा आधुनिक मराठी रंगभूमी बाल्यावस्थेत होती. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’त ग. दि. माडगूळकरांनी संपूर्ण कथा कुश-लवांच्या तोंडी घातली. म्हणजे पूर्वकथा ऐकू येते ती उत्तरकथेच्या दारातून, आणि ऐकणारा राम असतो. आपल्या काळातील उदाहरण हवे असेल तर विदर्भाच्याच मातीतून आलेली महेश एलकुंचवार यांची नाट्यत्रयी पाहावी. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. त्यानंतर ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’. पहिल्या नाटकाची कीर्ती एवढी होती की त्याची पुनरावृत्ती सहज खपली असती. परंतु दुसऱ्या नाटकात मोडकळीला आलेला वाडा सावरलेला दिसतो आणि प्रेक्षकाला विचारावे लागते की हे सावरणे कोणत्या किमतीवर झाले. तिसऱ्यात तो प्रश्न एका घरापुरता उरत नाही. एकाच कुटुंबाची कथा पुढे चालविणे आणि एकच प्रश्न पुढे नेणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. एलकुंचवारांनी दुसरी केली.

तेव्हा विद्यार्थ्यांच्या वादाला मी काय उत्तर द्यावे? त्यांना मी एवढेच सुचविले की दुसरा भाग पहिल्यासारखा आहे की नाही, हे विचारणे थोडा वेळ बाजूला ठेवावे. पहिला भाग संपला तेव्हा तुमच्या मनात काही अडून राहिले होते काय, ते आठवावे. आणि दुसऱ्या भागाने त्याला हात घातला काय, ते पाहावे. काहीच अडून राहिले नसेल, तर दुसऱ्या भागाची मुळात गरज नव्हती. अडून राहिले असेल आणि त्याला हात घातला नसेल, तर कितीही भर घातली तरी ती भर पहिल्याचीच होय. आणि हात घातला असेल, तर ती कृती पहिल्यापेक्षा लहान असली, तिच्यात ओळखीचे थोडे असले, क्वचित ती पहिलीवर रागावलेली असली, तरी ती तोडीची आहे.

‘मालतीमाधवा’च्या आरंभी भवभूतीने आपली उपेक्षा करणाऱ्यांना बजावले होते की काळ अनंत आहे आणि पृथ्वी विस्तीर्ण आहे, कोठेतरी आपल्यासारखा कोणी जन्मेल. समानधर्मा वाचक मिळणे ही कवीची आकांक्षा असतेच. परंतु ‘उत्तररामचरित’ वाचून असे वाटते की स्वतःच्या पहिल्या कृतीला पहिला कठोर वाचक भेटला तो तिच्या कर्त्याच्याच रूपाने, आणि लवाच्या मुखातून बोलला तोही तोच.